एकाच दगडाचं आकारमान चार गटांना वेगवेगळं का येतं?

तुम्ही लिहिलंय की चार गटांनी एकच दगड १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात बुडवून मोजला आणि उत्तरं ७, ८, ८ आणि ११ मिलिलिटर अशी आली. यातलं बरोबर कोणतं आणि बाकीच्यांचं काय चुकलं, हा पहिला प्रश्न. आकारमान, घनफळ आणि धारकता यांत फरक काय, हा दुसरा.

माझ्या मते पहिले तिन्ही गट बरोबर आहेत. चुकलाय तो ११ वाला, आणि चूक बहुधा दगड बुडवण्यात नाही, डोळ्याच्या उंचीत आहे.

मोजपात्रात आपण आकारमान बघतच नाही, बघतो ती पाण्याची उंची. नळीची आतली रुंदी वरपासून खालपर्यंत सारखी असते, म्हणून बनवणाऱ्याने उंचीच्या रेघांवर मिलिलिटरचे आकडे छापलेले असतात. १०० मिलिलिटरच्या मोजपात्राचा आतला व्यास २८ मिलिमीटर धरला, तर छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ६.२ चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे १ मिलिलिटर पाणी वाढलं की पातळी जेमतेम १.६ मिलिमीटर चढते. ७ सेंटिमीटर व्यासाच्या बीकरमध्ये तेवढंच पाणी पातळी पाव मिलिमीटर चढवतं, ते डोळ्याला दिसणारही नाही. उलट ११ मिलिमीटर व्यासाच्या ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या लांब, अरुंद मोजनळीत, तेच १ मिलिलिटर साडेदहा मिलिमीटर उंच उभं राहतं. भांडं जितकं अरुंद तितकं वाचन बारीक, एवढाच यातला हिशोब. बीकर आणि शंकुपात्रावरच्या रेघा अंदाजासाठी असतात, त्यांत ५ टक्क्यांची चूक सहज असते. त्यांवरून मोजमाप लिहून घेऊ नका.

सोनाराने राजाच्या मुकुटात चांदी मिसळली का, हे आर्किमिडीजने मुकुट पाण्यात बुडवून ओळखलं, ही गोष्ट याच कसोटीवर तपासून पाहण्यासारखी आहे. १ किलो शुद्ध सोन्याचं आकारमान सुमारे ५२ घन सेंटिमीटर. त्यातलं ३०० ग्रॅम सोनं काढून चांदी घातली तर ते सुमारे ६५ होईल. फरक १३ घन सेंटिमीटरचा. पण मुकुट बुडेल असं २० सेंटिमीटर व्यासाचं भांडं घेतलं, तर पातळीतला फरक पडतो ०.४ मिलिमीटर. एवढ्यावर सोनाराला चोर ठरवणं अवघड! गॅलिलिओने १५८६ साली हीच शंका घेतली होती आणि पाण्यात बुडवून वजन करण्याची रीत जास्त खात्रीची असल्याचं मांडलं होतं. त्या रीतीकडे पुढे येतो.

आता डोळ्याची उंची. काचेच्या कडेला पाणी थोडं वर चढतं, त्यामुळे पृष्ठभाग खोलगट दिसतो. वाचायचं ते मधल्या सगळ्यात खालच्या बिंदूपाशी. हा बिंदू नळीच्या मध्यावर असतो आणि रेघा असतात पुढच्या काचेवर. दोघांत नळीच्या त्रिज्येइतकं, म्हणजे १४ मिलिमीटर अंतर. समोरून सरळ पाहिलं तर काही बिघडत नाही. पण उभ्या उभ्या, २० अंशांच्या तिरक्या नजरेने वरून पाहिलं, तर नजर पुढच्या काचेला सुमारे ५ मिलिमीटर वर छेदते. म्हणजे ३ मिलिलिटर जास्त. तुमचे ८ चे ११ असे होऊ शकतात: पहिलं वाचन वाकून नीट घेतलं आणि दगड सोडल्यावर घाईत उभं राहूनच दुसरं घेतलं. गंमत अशी, की दोन्ही वाचनं सारखीच तिरकी घेतली असती तर वजाबाकीत चूक बरीचशी पुसली गेली असती. पण तो भरवसा धरू नका. पात्र सपाट टेबलावर ठेवायचं आणि आपण खाली वाकायचं. पात्र हातात उचलून डोळ्यासमोर धरलं की ते कलतं, आणि कललेल्या नळीत उंचीला अर्थ उरत नाही. मागे पांढरा कागद धरा, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर काळी पट्टी असली तर पाण्याची कड ठळक दिसते.

दोन अपवाद. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात खालचा बिंदू दिसत नाही, तिथे वरची कड वाचतात, फक्त सगळ्या वाचनांत तीच वाचायची. पारा काचेला चिकटत नाही, त्याचा पृष्ठभाग फुगीर असतो, म्हणून त्याचा माथा वाचतात. प्लास्टिकच्या मोजपात्रात तर पाणी जवळजवळ सपाटच राहतं. तेव्हा “खोलगट भाग कुठे दिसत नाही” असं विद्यार्थी म्हणाला, तर आधी पात्र कशाचं आहे ते बघा.

वाचनाआधी एका रेघेची किंमत काढून घ्यावी, आणि ती काढताना रेघा मोजायच्या नाहीत, रेघांमधल्या जागा मोजायच्या. १० आणि २० मध्ये १० जागा असतील तर प्रत्येक जागा १ मिलिलिटरची, ५ असतील तर २ ची. ही चूक तिरक्या नजरेपेक्षाही जास्त वेळा होते.

मग ७ आणि ८ दोन्ही बरोबर कसे? १ मिलिलिटरच्या जागांमध्ये कितीही नीट पाहिलं तरी अर्ध्या मिलिलिटरचं इकडेतिकडे राहतंच. दगडाचं आकारमान हे दोन वाचनांचं अंतर आहे, त्यामुळे दोन अर्धे मिळून १ मिलिलिटरची ढिलाई येते. ८ मिलिलिटरच्या दगडावर ती १२ टक्क्यांहून जास्त झाली. उत्तर “८, एखादा मिलिलिटर कमी-जास्त” असंच लिहायला हवं, ८.३५ लिहिणाऱ्याचे गुण मी कापेन. यावर उपाय म्हणजे मोजायची वस्तू मोठी करणं. १६ मिलिमीटरच्या एकसारख्या २० गोट्या घ्या, ५० मिलिलिटर पाण्यात एकेक सोडा. पातळी ९३ च्या आसपास जाईल, म्हणजे एका गोटीला सुमारे २.१ मिलिलिटर. तीच १ मिलिलिटरची ढिलाई आता २० गोट्यांत वाटली गेली. एक गोटी मोजून हे साधत नाही.

दगड बुडवताना होणाऱ्या चुका बऱ्याच आहेत, आणि त्या एकाच दिशेच्या नसतात. दगड वरून टाकला तर पाणी उडून वरच्या काचेला लागतं, वाचन कमी येतं. प्लास्टिकचं पात्र नसेल तर तळही फुटतो. म्हणून बारीक दोऱ्याने, पात्र थोडं तिरकं धरून, कडेने हळू सोडायचा आणि वाचनाला पात्र पुन्हा सरळ ठेवायचं. खडबडीत दगडाला हवेचे बुडबुडे चिकटले तर वाचन जास्त येतं, टिचकी मारून ते सुटतात. आधीच्या गटाने बाहेर काढलेला ओला दगड तसाच टाकला तरी जास्तच येणार, कारण त्याच्या अंगावरचं पाणीही आत जातं. पुसून घ्या. आणि पहिलं पाणी इतकं हवं की दगड पूर्ण बुडेल, पण शेवटची पातळी १०० च्या रेघेवर जाणार नाही. हे लक्षात येतं ते दगड टाकल्यावर!

दगड मोजपात्रात मावत नसेल तर बाजूला तोटी असलेलं भांडं वापरतात. ते तोटीतून पाणी वाहेपर्यंत भरायचं आणि थेंब थांबेपर्यंत वाट बघायची; बहुतेकांचं चुकतं ते इथेच. मग तोटीखाली कोरडं मोजपात्र ठेवून वस्तू हळू सोडायची. तोटीच्या टोकाला लटकलेलं पाणी पृष्ठताणामुळे अडून राहतं. भांड्यातल्या पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला तर ते सुटायला मदत होते.

तरंगणारी वस्तू बारीक सुईने दाबून पूर्ण बुडवा, किंवा तिला धातूचा तुकडा बांधा. तुकडा एकट्याने बुडवून एक वाचन, दोन्ही मिळून दुसरं. विरघळणाऱ्या तुरटीच्या खड्यासाठी तुरटीचंच संपृक्त द्रावण घ्या, त्यात खडा आणखी विरघळत नाही. खडू किंवा विटेचा तुकडा पाणी पितो, तिथे आधी ठरवावं लागतं की छिद्रांसकट आकारमान हवंय की छिद्रं सोडून. छिद्रांसकट हवं असेल तर तुकडा पाण्यात भिजू द्या, बुडबुडे थांबले की वरवर पुसा, मग मोजा. वाळूचंही तेच: ५० मिलिलिटर कोरडी वाळू ५० मिलिलिटर पाण्यात ओतली तर १०० होत नाहीत, ८० च्या आसपास होतात. कोरडी मोजली तेव्हा त्या ५० मध्ये दाण्यांमधली हवाही होती.

आता पाण्यात बुडवून वजन करण्याची रीत. तुमच्याकडे ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा असेल तर मी मोजपात्र बाजूलाच ठेवेन. बीकरमध्ये पाणी घेऊन काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा. दगड दोऱ्याने पूर्ण बुडेल असा स्टँडला टांगा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. काट्यावर ८.२ ग्रॅम दिसले तर आकारमान ८.२ मिलिलिटर. पाणी दगडाला जेवढं वर ढकलतं, तेवढंच दगड पाण्याला खाली ढकलतो, आणि हा जोर म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. इथे उंची वाचण्याचा प्रश्नच उरत नाही, बीकर कितीही रुंद असला तरी चालतो. दगड तळाला टेकला तर मात्र त्याचं स्वतःचं वजन काट्यावर यायला लागतं आणि आकडा भलताच फुगतो. ३० अंश सेल्सिअसला पाण्याची घनता ०.९९५७ असते, त्यामुळे चूक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, शाळेत सोडून द्यावी.

एक गैरसमज मात्र मुलांना विचारून बाहेर काढावा लागतो: जड वस्तू जास्त पाणी सारते. एकाच मापाच्या लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या गोळ्या बुडवून दाखवा, पातळी सारखीच चढते. बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाइतकं पाणी सारते. तरंगणारी आपल्या वजनाइतकं. म्हणून मातीचा गोळा बुडवला त्यापेक्षा त्याच मातीची होडी करून तरंगवली तर पातळी जास्त चढते.

आता शब्द. वस्तूने व्यापलेली जागा म्हणजे आकारमान; गणितात त्यालाच घनफळ म्हणतात, वेगळं काही नाही. धारकता भांड्याची: आत किती मावतं ते. जाड काचेच्या बाटलीची धारकता ५०० मिलिलिटर असेल, पण झाकण घट्ट लावून ती पूर्ण बुडवली तर काचही जागा घेत असल्याने ५०० पेक्षा जास्त पाणी सारेल.

१ मिलिलिटर म्हणजे नेमका १ घन सेंटिमीटर, आणि १००० मिलिलिटर म्हणजे १ लिटर. १९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्या १ किलो पाण्यावर बेतलेली होती आणि तो १००० घन सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा भरायचा. १९६४ पासून ती भानगड संपली. घन मीटरचं मात्र जपून: १ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, पण १ घन मीटर म्हणजे १०,००,००० घन सेंटिमीटर, कारण १०० तीन वेळा गुणले जातात. पट्टीने मोजतानाही हाच तीन वेळांचा गुणाकार आडवा येतो. २ सेंटिमीटरच्या घनाची बाजू सगळीकडे १ मिलिमीटर जास्त मोजली की ८ ऐवजी ९.२६ येतं, म्हणजे ५ टक्क्यांची चूक जवळजवळ १६ टक्के होते. आणि गोळ्याचं उत्तर बुडवून आलेल्या उत्तराच्या बरोबर आठपट दिसलं तर बाकी काही तपासू नका, सूत्रात त्रिज्येच्या जागी व्यास घातलाय. वृत्तचितीत हीच चूक चौपट दिसते.