माऊचं पोट बिघडलंय, तिला काय देऊ?

प्रश्न : आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो. मुलीच्या हट्टापायी गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून मांजरीचं पिल्लू आणलं. दोनेक महिन्यांची भाटी आहे, नाव ठमी. आली तेव्हा छान होती, पण दोन-तीन दिवसांत पातळ शी सुरू झाली. दिवसातून पाच-सहा वेळा होते, कधी कधी आवही दिसते. खेळते, पण आधीसारखी नाही. आधी दूध-पोळी दिली, मग सासूबाईंनी दहीभात दिला, मांदेली उकडून घातली, दुकानातून मांजरांच्या खाण्याचं पाकीटही आणलं. शेजारचे म्हणतात, माणसांची जुलाबाची गोळी अर्धी करून द्या. देऊ का? जाऊबाईंना सातवा महिना आहे, त्यामुळे घरातले सगळे धास्तावलेत. पिल्लू परत देऊन टाकू का?
– सौ. र. पा., काळाचौकी

उत्तर : ताई, गोळी देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही, चाटवूही नका. माणसांची जुलाब थांबवणारी गोळी आतड्याची हालचाल रोखते. आत जंतुसंसर्ग असेल तर घाण तिथेच साचते, आणि एवढ्याशा पिल्लाला त्या औषधाची विषबाधाही होऊ शकते. अंग गरम लागलं म्हणून कुणी तापाची गोळी सुचवेल, तीही नको. पॅरासिटामॉल पचवायची यंत्रणाच मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. एका गोळीने मोठं मांजरसुद्धा दगावतं. शिवाय मांजराचं अंग आपल्या हाताला एरवीही गरमच लागतं. त्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

आता पोटाकडे येऊ. तुमचं पत्र वाचताना मी ठमीच्या वाटीत एका आठवड्यात काय काय आलं ते मोजत होते. दूध, पोळी, दहीभात, मांदेली, पाकीट. सगळं मायेनेच दिलंत, पण आईपासून नुकत्याच तुटलेल्या पिल्लाच्या आतड्याला रोज नवा पदार्थ झेपत नाही. त्यात दूध. मांजर म्हटलं की वाटीत दूध हे आपल्या घराघरांत ठरलेलं असतं. पण आईचं दूध सुटायला लागलं की दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य पिल्लाच्या पोटात कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि पातळ शी होते. दूध आजच बंद करा. पाणी घालून पातळ केलेलंही नको.

मग द्यायचं काय? दोन-तीन दिवस एकच गोष्ट द्या : बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात शिजवून, बारीक कुस्करून. मीठ, हळद, तेल काही नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, मांजरांना ते विषारी असतात. चमचा-दीड चमचा, दिवसातून पाच-सहा वेळा, कोमट असताना. वरचं पाणीही त्यातच घाला, म्हणजे पोटात पाणी जाईल. चिकन उकडलं म्हणून तेच कायमचं चालू ठेवू नका. त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं आणि वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात. शी घट्ट व्हायला लागली की पिल्लांसाठी बनवलेलं तयार खाणं थोडं थोडं मिसळत सात-आठ दिवसांत पूर्ण त्यावर आणा. ओलं खाणं या दमट हवेत वाटीत तासाभराहून जास्त ठेवू नका.

‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी मात्र ठेवायचं नाही. मोठ्या माणसाचा एक वेळचा उपास निभतो, पण दोन महिन्यांच्या पिल्लाच्या अंगात साठाच नसतो. काही तास पोटात काही गेलं नाही तर रक्तातली साखर उतरते आणि ते गार पडायला लागतं.

एवढ्यावर भागेल असं मला वाटत नाही, कारण तुम्ही आव पडते असं लिहिलंय. जंतांचा संशय आधी घ्यायचा. गोल जंतांच्या अळ्या पिल्लाला आईच्या दुधातूनच मिळतात, त्यामुळे पिल्लू कितीही स्वच्छ घरातून आलेलं असो, जंत असू शकतात. कधी शीत किंवा उलटीत शिजलेल्या शेवयांसारखे दिसतात, बहुतेकदा दिसत नाहीत. पोट मात्र टम्म असतं आणि पाठीची हाडं हाताला लागतात. ठमीला जेवणाआधी हातात घेऊन बघा. जंताचं औषध वजनावर ठरतं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं, कारण पहिल्या वेळी फक्त आतड्यातले जंत पडतात, अळ्या मागून येतात.

पण जंताचं औषध पाजलं आणि जुलाब थांबले नाहीत, असं सांगणारे लोक मला सारखे भेटतात. तिथे बहुधा कॉक्सिडिया किंवा जिआर्डिया निघतो. हे डोळ्यांना न दिसणारे परजीवी. नेहमीचं जंताचं औषध कॉक्सिडियावर चालतच नाही, त्याचं औषध वेगळं. म्हणून शी तपासून घ्या. सकाळची ताजी शी स्वच्छ कोरड्या डबीत घ्या, सुपारीएवढी पुरे, आणि दोन-चार तासांत पोहोचवा. काडेपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढीच शी काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शी शिळी असली तर जिआर्डिया मरून गेलेला असतो आणि हाती काही लागत नाही. तो रोज पडतही नाही, म्हणून एका तपासणीत काही निघालं नाही तर डॉक्टर पुन्हा शी मागतील. तेव्हा कंटाळू नका.

तुम्ही काळाचौकीच्या, म्हणजे परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, आपलं बैलघोडा हॉस्पिटल, तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे. उद्या सकाळीच निघा. झाकणाच्या टोपलीत जुना टॉवेल घालून तिला न्या, नुसती कडेवर नको. ट्रकच्या एका भोंग्याने पिल्लू उडी मारतं. जाण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करून कागदावर लिहा. या वयाचं पिल्लू साधारण सातशे ते नऊशे ग्रॅम भरतं आणि आठवड्याला शंभरेक ग्रॅमने वाढतं. पुढेही रोज एकाच वेळी वजन करा. शीच्या रंगापेक्षा मी त्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवते.

आज रात्री मात्र डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघा. जुलाबांबरोबर उलट्या सुरू झाल्या, खाणं सोडलं, शीत रक्त दिसलं, हिरड्या पांढुरक्या किंवा चिकट कोरड्या वाटल्या, वाटीपुढे बसून पाणी न पिता नुसती मान खाली घातली, तर उद्यापर्यंत थांबू नका. लस न झालेल्या पिल्लांमध्ये पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणूजन्य आजार असतो, तो एक-दोन दिवसांत पिल्लू घेऊन जातो. अशा वेळी सलाइन लावणं हाच आधार असतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून तिच्या कुशीला ठेवा.

साफसफाईबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण जुलाब झाले की आपल्याकडे पहिली धाव फिनेलच्या बाटलीकडे असते. काळं असो की पांढरं, मांजराला फिनेल बाधतं. फरशीवरचं पंजाला लागतं आणि पंजा चाटला की पोटात जातं. साबणाच्या पाण्याने पुसा. नंतर एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं होईपर्यंत ठमीला तिकडे फिरकू देऊ नका.

जाऊबाईंची काळजी रास्त आहे, पण त्यासाठी पिल्लू परत द्यायची गरज नाही. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या परजीवीची. तो शीतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून शीचं तसराळं रोज, जमल्यास दोनदा, जाऊबाईंशिवाय दुसऱ्या कुणीतरी साफ करायचं आणि हात साबणाने धुवायचे. ठमीला कच्चं मांस-मच्छी द्यायची नाही. जाऊबाईंनी तिला मांडीवर घेतलं तर काही बिघडत नाही. त्यांच्या डॉक्टरांना मात्र घरात मांजर आहे हे सांगा. मुलीला ओरखडा किंवा चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे न्या, ‘घरचंच पिल्लू आहे’ म्हणून सोडून देऊ नका. ठमीची स्वतःची लस पोट ठीक झाल्यावर सुरू होईल, आणि ती चार महिन्यांची होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागेल.

आणखी एक काम आजच उरका. मैत्रिणीला फोन करून विचारा की ठमीच्या भावंडांना जुलाब होताहेत का, आईला जंताचं औषध कधी दिलं होतं, आणि त्यांच्याकडे पिल्लं काय खात होती. उद्या डॉक्टर हेच विचारणार आहेत. आणि भावंडांनाही त्रास होत असेल, तर त्यांनाही दवाखान्यात न्यायला सांगा.