मुंबईत पहिल्यांदाच आलोय, मुक्काम ठाण्यात आणि काम अंधेरीत. रोज लोकलने कसं जावं?

आधी नकाशा डोक्यात बसवा. मुंबईची लोकल उत्तर-दक्षिण धावते. ठाणं सेंट्रल लाइनवर, अंधेरी वेस्टर्न लाइनवर. दादरला उतरून गाडी बदलायची हा जुना रस्ता, पण त्यात उगाच खाली जाऊन परत वर यावं लागतं. तुम्ही ठाण्याहून लोकलने घाटकोपरला या आणि तिथून मेट्रो १ ने अंधेरी गाठा. वर्सोवा ते घाटकोपर ही अख्खी लाइनच सुमारे २१ मिनिटांची आहे. भाडं मात्र लोकलचं वेगळं, मेट्रोचं वेगळं.

सकाळी ठाण्याहूनच सुटणारी स्लो, म्हणजे प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी पकडा. कल्याण-कर्जतकडून येणारी फास्ट ठाण्यात शिरते तेव्हाच भरलेली असते आणि तिने वाचणारी मिनिटं थोडीच. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर (गाडीची माहिती देणारा फलक) चार गोष्टी वाचायच्या: शेवटचं स्टेशन, वेळ, फास्ट की स्लो, आणि डबे १२ की १५. स्टेशनच्या नावाऐवजी कधी नुसतं इंग्रजी अक्षर असतं, आणि तिथे नवखा हमखास फसतो. कसाऱ्याचं अक्षर एन, कर्जतचं एस. स्लोचं अक्षरही एसच, त्यामुळे कोणता एस कुठे लिहिलाय ते नीट बघा. डब्यांचा आकडा अशासाठी की १५ डब्यांच्या जागी उभं राहिलात आणि गाडी १२ची आली, तर धावावं लागतं.

डबा बाहेरूनच ओळखा. फर्स्ट क्लासच्या डब्यावर तिरपे पट्टे असतात. गर्दीत नुसता लोंढ्याबरोबर आत गेलात तरी सेकंडच्या तिकिटावर दंड बसतो: किमान २५० रुपये, वर भाडं. महिलांचे काही डबे चोवीस तास राखीव, काही ठरावीक वेळेपुरते. दाराजवळ लिहिलेलं असतं. एसी लोकलचं तिकीट वेगळं. साध्या फर्स्ट क्लासचा पासही तिथे चालत नाही. एसीचा पास मात्र साध्या फर्स्ट क्लासला चालतो.

ॲपवर तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधीच काढा. टीसी दिसल्यावर खिशातून मोबाइल काढणाऱ्यांसाठीच आवारात ॲपवर तिकीट काढण्यावर बंधन घातलंय. स्क्रीनशॉट ग्राह्य धरत नाहीत, तेव्हा बॅटरी सांभाळा. पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर महिन्याचा पास काढून मोकळे व्हा.

आता उतरणं, कारण चढण्यापेक्षा तेच अवघड. गाडी वीस-तीस सेकंद थांबते. विक्रोळी गेलं की उठा, घाटकोपरला प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येतो ते शेजाऱ्याला विचारा आणि पुढच्याला "घाटकोपर उतरणार का?" असं विचारून त्याच्या मागे लागा. तो नाही म्हणाला तर जागा बदलून घ्या. सॅक पाठीवर नको, पोटावर घ्या.

संध्याकाळी उलटा रस्ता, आणि हा सकाळपेक्षा वाईट. घाटकोपरला मेट्रोतून उतरलेले सगळे त्याच पुलावर येतात, तिथे थोडा वेळ धरूनच चला. ठाण्यासाठी कर्जत किंवा कसारा फास्टमध्ये शिरू नका. लांबचे प्रवासी दार अडवून उभे असतात, आणि त्यांची चूक आहे असंही मला वाटत नाही; त्यांना अजून तास-दीड तास काढायचा असतो. ठाणा स्लो घ्या. शेवटचं स्टेशन ठाणंच, म्हणजे उतरायची धास्ती नाही.

रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघा. सेंट्रलवर साधारण सकाळी ११ ते दुपारी ४ कोणता तरी ट्रॅक बंद असतो, फास्ट गाड्या स्लोच्या रुळांवरून धावतात आणि थांबे बदलतात. पावसाळ्यात मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाण्याचा निचरा होत नाही आणि सायन-कुर्ला पट्ट्यात गाड्या अडकतात. तुमचा ठाणे-घाटकोपर टप्पा त्याच्या वर येतो खरा, पण खाली गाड्या अडकल्या की तुमच्या गाडीलाही उशीर होतोच.

दक्षिण मुंबईत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: रिक्षा सायन आणि वांद्र्यापर्यंतच. पुढे टॅक्सी किंवा बेस्टची बस. आणि दादरला गाडी बदलायची वेळ आलीच, तर डिसेंबर २०२३ पासून वेस्टर्नचे प्लॅटफॉर्म १ ते ७ आणि सेंट्रलचे ८ ते १४ आहेत. जुनी माणसं अजून "सेंट्रलचा एक नंबर" सांगतात, तो आता आठ झालाय.