पूलमधून बाहेर आल्यावर घालायचं काय?

प्रश्न: नमस्कार, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मे महिन्यात सोसायटीचा वर्धापनदिन आहे आणि कमिटीने क्लबहाऊसच्या पूलला रेट्रो नाइट ठेवलीये, जुन्या सिनेमातलं काहीतरी घालून यायचंय. मला जेम्स बाँडच्या 'गोल्डफिंगर' सिनेमातला शॉन कॉनरीचा तो फिक्का निळा टॉवेलच्या कापडाचा ड्रेस पाहिजे, वर शर्ट, खाली हाफ पँट आणि सगळं एकच. बायको म्हणते हे झबलं घालून लिफ्टमध्ये शिरलात तर मी ओळख देणार नाही. मला मात्र तो खरंच आवडतो. शिवून मिळेल का? आणि माझं पोट थोडं सुटलंय, चालेल ना?

उत्तर: दादा, बिनधास्त शिवून घ्या. वहिनींना झबलं का वाटतंय ते कळतं, वर-खाली एकसंध आणि पुढे चेन असा कपडा आपण तान्ह्या बाळाच्याच अंगावर बघतो, पण 1964 च्या त्या सिनेमात तो एकदा नीट बघा तुम्ही दोघं बसून. मायामीच्या फाँटनब्लू हॉटेलचा पूल आहे, खलनायक गोल्डफिंगर पत्त्यांत लबाडी करतोय, आणि ती पकडायला बाँड त्याच्या खोलीत शिरतो तेव्हा अंगावर हेच. शत्रूच्या खोलीत जाताना सूट नाही टाय नाही आणि तरी माणूस जराही अवघडलेला नाही. गंमत म्हणजे कॉनरी त्या शूटिंगला मायामीला गेलाच नव्हता, त्याचे शॉट इंग्लंडमध्ये पाइनवूड स्टुडिओत घेतलेत, तरी बघताना वाटतं की हा आत्ताच उन्हात पडून आलाय, आणि त्यात त्या कापडाचा मोठा वाटा आहे.

कारण हा कपडा पोहण्यासाठी नाहीच, पोहून झाल्यावर घालायचा आहे. टॉवेलच्या कापडावर सुताचे बारीक बारीक फासे असतात, त्यामुळे साध्या कापडापेक्षा कितीतरी जास्त पाणी ते ओढून घेतं, म्हणजे अंग पुसत बसायची गरज नाही, ओल्या अंगावर चढवलं की झालं, खुर्चीत बसा, सरबत घ्या, गप्पा मारा. 1950 च्या दशकात अमेरिकेत पूलसाठी शर्ट आणि चड्डी एकाच कापडाची असे सेट मिळायचे, त्यांना कबाना सेट म्हणायचे, आणि पुष्कळदा त्यातल्या शर्टाला आतून हेच टॉवेलचं अस्तर असायचं. बाँडचा ड्रेस त्याच घरातला, फक्त वरचं आणि खालचं जोडून टाकलेलं. तेव्हा हे घालून पाण्यात उतरू नका, सुती कापडाचे तंतू सुटून फिल्टरमध्ये अडकतात म्हणून बऱ्याच पूलवर त्याला परवानगीच नसते, आणि भिजल्यावर ते इतकं जड होतं की तुम्हाला ते नकोसं होईल. आत नेहमीचा नायलॉनचा कॉस्च्युम घाला.

कापडाचं म्हणाल तर आपल्याला लांब बघायचीच गरज नाही. सोलापूरच्या टेरी टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, अख्खं जग सोलापूरचे टॉवेल वापरतं आणि आपण परदेशी साइटवर निळा ड्रेस शोधत बसतो. ऑर्लेबार ब्राउन नावाच्या ब्रिटिश कंपनीने 2019 मध्ये हाच ड्रेस पुन्हा काढला होता, पण एका रात्रीसाठी तेवढे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत. जांभळी नाक्याला विचारून बघा, नाहीतर उल्हासनगरला गजानन मार्केटला चक्कर मारा, टर्किश टॉवेलचं कापड मीटरवर पाहिजे म्हणून सांगा. 250 ते 300 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन) आसपासचं घ्या, अंघोळीच्या जाड टॉवेलचं घेतलंत तर मे महिन्यात उकडून निघाल. 58 इंच पन्हा असेल तर अडीच-तीन मीटर पुरतं. आणि शिवायच्या आधी धुवून वाळवून मगच टेलरकडे द्या कारण हे कापड आटतं, फॅब्रिक सॉफ्टनर मात्र घालू नका, त्याने फाशांवर थर बसतो आणि पाणी ओढायची ताकदच जाते.

आता टेलरशी बोलताना मुख्य गोष्ट, खांद्यापासून पुढून खाली पायांच्या मधून मागे परत खांद्यापर्यंतचं माप. एकसंध कपड्यात तेच चुकतं. हे मागावर विणलेलं टॉवेल कापड ताणलं जात नाही, माप कमी पडलं की उभं असताना ठीक आणि खुर्चीत बसलात की काचणार. म्हणून मापात तीन इंच सैल ठेवायला सांगा, माया भरपूर सोडायला सांगा आणि आधी मांजरपाटाचा एक ट्रायल शिवून घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील. कडा ओव्हरलॉक करून घ्या, नाहीतर सगळीकडे सूत झडत राहतं. चेन प्लास्टिकची लावा, धातूची उन्हात तापते आणि क्लोरीनच्या पाण्याने खराब होते.

पोटाची काळजी सोडा. कंबरेचा पट्टा पोटाच्या खाली नको, बेंबीपाशी ठेवा, चड्डी मांडीच्या मध्यापर्यंत ठेवा, गुडघ्यापर्यंत आली की मग मात्र खरंच झबलं दिसेल. वहिनींना ट्रायलच्या दिवशी सोबत न्या. आणि तरीही त्या नाही म्हणाल्या तर त्याच कापडाचा कबाना सेट शिवा, शर्ट वेगळा चड्डी वेगळी, तोही तितकाच त्या काळातला आहे आणि वॉशरूमला जाताना सगळं उतरवावं लागत नाही.

प्रश्न: माझे बाबा 68 वर्षांचे आहेत, नेरूळला आमच्या सोसायटीत रोज सकाळी पोहतात आणि टॉवेल गुंडाळून ओलेच लिफ्टने वर येतात. शेजाऱ्यांनी दोनदा बोलून दाखवलं. बाबांना फार लागलं ते. त्यांना काहीतरी नीट पण त्यांच्या आवडीचं द्यायचंय, शम्मी कपूरचे प्रचंड फॅन आहेत.

उत्तर: ताई, मग तुमचं काम सोपं झालं. 'अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस' हा 1967 चा, त्यात शर्मिला टागोर पाण्यावर स्कीइंग करतेय आणि शम्मी कपूर हेलिकॉप्टरला लटकून गातोय, अंगात काय तर बाथरोब! बाबांना बाथरोब द्या आणि हे गाणं लावून द्या, पुढचं ते स्वतःच करतील. हॉलिवूडने तर बाथरोबला त्याच्याही आधीपासून मान दिलाय, 1940 च्या 'द फिलाडेल्फिया स्टोरी'त जेम्स स्टुअर्ट मध्यरात्री पोहून आल्यावर बाथरोबमध्येच कॅथरिन हेपबर्नला उचलून गात गात येतो आणि तो प्रसंग आजही बघताना छान वाटतं.

रोब घ्याल तो गुडघ्याच्या थोडा खाली येईल एवढाच घ्या, घोट्यापर्यंतचा नको, ओल्या पायाने जिन्यावर पाय अडकतो, या वयात ती जोखीम नको. कॉलर शालीसारखी गोल वळलेली, बाही मनगटाच्या वर, दोन मोठे खिसे म्हणजे चष्मा आणि किल्ली राहते. रंग गडद निळा किंवा मरून, पांढरा लवकर मळतो. दोन शिवा, कारण पावसाळ्यात नवी मुंबईत हे कापड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतं. आणि शेजाऱ्यांचं मनावर घेऊ नका म्हणावं त्यांना, 68 व्या वर्षी रोज पोहणारा माणूस आहे तो.

प्रश्न: मी खारघरला कॉलेजला आहे, आमची शॉर्ट फिल्म 1960 च्या दशकातल्या पूलपार्टीवर आहे, कॉस्च्युमची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि बजेट जवळपास शून्य. मुलांना काय घालू?

उत्तर: मित्रा, आधी दोन सिनेमे बघ. 1968 चा 'द स्विमर', बर्ट लँकेस्टर शेजाऱ्यांच्या एकेका पूलमधून पोहत पोहत घरी निघालाय आणि जवळजवळ सगळा सिनेमा एकाच गडद पोहण्याच्या चड्डीवर, ना प्रिंट ना काही. लँकेस्टर तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. सुरुवातीला ती चड्डी रुबाबदार दिसते आणि शेवटी शेवटी तीच चड्डी घातलेला माणूस उघडा पडल्यासारखा दिसतो, कपडा बदललेला नाही, आपली नजर बदललीये. कॉस्च्युम करणाऱ्याने हे शिकण्यासारखं आहे. दुसरा 1969 चा फ्रेंच सिनेमा 'ला पिसीन', अलाँ दलों आणि रोमी श्नायडर, तो निवांतपणासाठी बघ, कोणीच नटून बसलेलं नाही तरी सगळे देखणे.

आता खरेदी. चड्डी कंबरेला उंच, बेंबीच्या जवळपास, पाय आखूड, बाहेर लोंबणारी नाडी नको, मोठा लोगो तर अजिबात नको, लोगो दिसला की 1960 गेलं. वरून क्यूबन कॉलरचा शर्ट, म्हणजे कॉलर सपाट पडणारी आणि गळा उघडा, खालची कड सरळ, आत न खोचता. बाबा-काकांच्या कपाटात जुने शर्ट असतील तर कॉलर बदलून घे, कोपऱ्यावरचा टेलर करून देतो. हवाईयन प्रिंट एकाच मुलाला दे, सगळ्यांना दिलास तर गोव्याची सहल दिसेल.

पांढरं शुभ्र टाळ. टेक्निकलर या जुन्या रंगीत फिल्मच्या काळात पांढरे कपडे कॅमेऱ्यात फटफटीत दिसायचे म्हणून ते थोडे मळकट रंगवून घेत, मोबाइलच्या कॅमेऱ्यात भर उन्हात आजही तेच होतं. चहाच्या पाण्यात बुडवून काढ, सुती असेल तर छान क्रीम रंग येतो, आधी एका रुमालावर करून बघ. आणि शूटिंग सकाळी नऊच्या आत उरक, नंतर ऊन वरून पडायला लागतं आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात.