इटलीच्या ग्रुप टूरमध्ये फ्लॉरेन्सला एकच दिवस मिळणार असेल, तर विद्यार्थ्याने तो कसा घालवावा?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या ग्रुपबरोबर जाताय, रोम आणि व्हेनिसच्या मध्ये फ्लॉरेन्सला एकच दिवस आहे, आणि त्यात उफिझी आणि अकादेमिया ही म्युझियम्स, कथीड्रल, पॉन्टे वेक्किओ हा पूल असं सगळं बसवायचंय. आर्किटेक्चरला असताना आमच्या स्टडी टूरमध्येही फ्लॉरेन्सच्या वाट्याला असाच एक दिवस आला होता. त्यावरून सांगते: सकाळ कथीड्रलच्या घुमटाला द्या आणि संध्याकाळ कॅशिने बागेतल्या, कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या स्मारकाला, म्हणजे छत्रीला. मधल्या वेळात पायी जे दिसेल ते पाहा. दोन मोठी म्युझियम्स एका दिवसात कोंबली तर रांगेत उभं राहिल्याचंच जास्त लक्षात राहतं.

घुमटावर जायला वेळ ठरवून आधीच बुकिंग करावं लागतं, तेव्हा हे काम भारतातूनच उरका. सकाळची पहिली वेळ मिळाली तर उत्तम. ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. जिना अरुंद आहे, कोंदट जागेची भीती असलेल्यांनी खालीच थांबावं. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे हवेत.

पण या पायऱ्या चढायच्या त्या केवळ वरून शहर बघायला नव्हे. कथीड्रलचं काम १२९६ मध्ये सुरू झालं आणि घुमटाची जागा कित्येक वर्षं उघडीच राहिली, कारण सुमारे ४५ मीटर रुंदीचा अष्टकोन झाकायचा कसा हे कुणाला उमगत नव्हतं. आपल्याकडे स्लॅब टाकताना खालून सेंटरिंग लावतात ना, तसा आधार इतक्या उंचीवर उभारायचा तर लाकूड आणायचं कुठून? फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने तो आधार न लावता घुमट उभा केला. काम १४२० मध्ये सुरू झालं आणि १४३६ मध्ये पुरं झालं. हा माणूस मूळचा सोनार, हे मला फार विलक्षण वाटतं. कथीड्रलसमोरच्या बाप्तिस्मागृहाच्या दरवाजांसाठी १४०१ मध्ये स्पर्धा झाली, त्यात तो गिबर्टी या शिल्पकाराकडून हरला होता.

जिना जातो तो घुमटाच्या दोन कवचांमधून, आतलं जाड आणि बाहेरचं पातळ. तिथे भिंतीकडे नीट पाहा. आडव्या विटांच्या थरांत ठरावीक अंतरावर उभ्या विटा बसवल्या आहेत आणि त्यांची रांग तिरपी वर चढत जाते. चुना ओला असताना आत कललेला थर घसरू नये म्हणून या उभ्या विटा त्याला धरून ठेवतात. एक कडं पुरं झालं की ते स्वतःच्या बळावर उभं राहतं आणि पुढच्याचा पाया होतं. वर्गात घुमटाचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढताना मला हे कधीच इतकं स्पष्ट झालं नव्हतं. त्या भिंतीला हात लावला तेव्हा मात्र सगळं एकदम कळलं आणि डोळे भरून आले.

दुपारी सान लोरेन्झोच्या बाजारात जेवा. लोखंड आणि काचेची ही इमारत जुझेप्पे मेंगोनीची, मिलानची प्रसिद्ध गॅलेरिया, म्हणजे काचेच्या छताची बाजारपेठ, बांधणाराही तोच. शाकाहारी असाल तर पाव, घेवडा आणि भाज्यांचं रिबोल्लिता हे दाटसर सूप मागा, फक्त मांसाचा स्टॉक नाही ना हे विचारून घ्या. तिथला पाव अळणी असतो, तसाच करतात. कॉफी काउंटरपाशी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते.

मायकेलँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा अकादेमियात आहे. वेळ नसेल तर पियाझ्झा देल्ला सिन्योरिया या चौकात त्याच्या मूळ जागी उभी असलेली प्रतिकृती पाहा आणि पुढे पॉन्टे वेक्किओवर जा. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने शहरातले आर्नो नदीवरचे बाकी पूल उडवले, हा तेवढा राहिला.

आता छत्री. टूरच्या यादीत ती बहुधा नसते, पण मराठी माणसाने फ्लॉरेन्सला जाऊन ती न पाहता परतू नये असं मी अगदी मनापासून म्हणते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तुमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांचं वय तेवढंच असेल. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. तिथे दहन ही अनोळखी गोष्ट, तरी परवानगी मिळाली आणि मुन्योने नदी आर्नोला मिळते त्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. घरापासून इतक्या दूर, पण संगमावरच, हे वाचूनच माझ्या अंगावर काटा आला होता.

१८७४ मध्ये तिथे स्मारक झालं. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. आतला रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. आमच्यातली कोल्हापूरची मुलं तिथे पोचताच नमस्कार करून उभी राहिली, आणि पाठोपाठ आम्हीही. जवळच्या आधुनिक पुलालाही या स्मारकावरूनच ‘इंडियानो’, म्हणजे ‘भारतीय’, म्हणतात.

सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळून टी-१ ट्रामने कॅशिने स्टॉपला उतरा. छत्री बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे नदीकाठाने अर्ध्या तासाहून जास्त चालावं लागतं. अंधार पडायच्या आत परत फिरता येईल असं निघा. ग्रुपची बस शहरात वाटेल तिथे थांबू शकत नाही, त्यामुळे ती संध्याकाळी कुठून घेणार हे टूर मॅनेजरना सकाळीच विचारून ठेवा.