उजव्या पायाचा रेझिस्टर

बडोदे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ईसीजी सर्किटच्या रेघेवरची घरच्या विजेची ५० हर्ट्झची झालर जाईना, म्हणून उजव्या पायाच्या वायरीतला ३९० किलोओहमचा रेझिस्टर काढून १० चा लावलास आणि रेघ जरा सुधारली, असं लिहिलंयस. आजच्या आज जुना परत लाव.

घरातल्या वायरिंगमुळे अंगावर चढणारं व्होल्टेज दोन्ही हातांवर जवळजवळ सारखंच असतं. त्याची सरासरी घ्यायची, ऑप-अॅम्पने, म्हणजे व्होल्टेज वाढवणाऱ्या चिपने, उलटी करून ३९ पट वाढवायची आणि उजव्या पायातून परत अंगात सोडायची. म्हणजे माणूसच फीडबॅकच्या वाटेत येतो, आणि तो रेझिस्टरही. त्यामुळे फीडबॅक चालू असेपर्यंत ३९० चा रेझिस्टर त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा, जेमतेम १० किलोओहमचा भासतो. ऑप-अॅम्प बिघडून आउटपुट सप्लायच्या पूर्ण व्होल्टेजला चिकटलं की फीडबॅक संपला. मग तोच पुरता ३९० होऊन आडवा येतो. मला तरी या सर्किटातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

तुझ्या साडेचार व्होल्टवर तेव्हा फार तर साडेअकरा मायक्रोअँपिअर अंगात जातील. १० किलोओहम असेल तर ४५०! आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षेच्या मानकात एका बिघाडाच्या स्थितीत रुग्णातून जाणाऱ्या डीसी गळतीची मर्यादा ५० आहे.

झालर दुसरीकडे शोध. एका इलेक्ट्रोडची जेल सुकली असेल तर सारखं असलेलं व्होल्टेज तिथेच दोन हातांमधल्या फरकात बदलतं, आणि ईसीजी तो फरकच मोजतो. शिवाय इनपुटला काचेचे १एन४१४८ डायोड लावलेले फोटोत दिसतायत. डिफिब्रिलेटरचा, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचा, झटका आला तर आधीचा रेझिस्टर करंट रोखतो आणि डायोड उरलेला सप्लायकडे वळवतात, ते ठीकच. पण काचेतून उजेड आत शिरतो आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली १०० हर्ट्झची गुणगुण येते. काळी टेप लावून बघ. डायोडमधली गळती तापमानाच्या दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, तेव्हा आपल्या मे महिन्यात कमी गळतीचे डायोडच हवेत.

लॅपटॉप चार्जरवर असताना कुणालाही इलेक्ट्रोड लावू नकोस, स्वतःलासुद्धा नाही.

रविवारी बोर्ड घेऊन दांडिया बाजारात ये. ऑप-अॅम्पचं आउटपुट ऑसिलोस्कोपवर बघू. ते स्वतःच थरथरत असेल तर फीडबॅकचा कपॅसिटर वाढवावा लागेल.

तुझा,
काका