बोलोन्याच्या सीमेवरचे ‘परदेशी’

प्रश्न : मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर यांनी इटलीचे एकीकरण घडवले, हे आपण शाळेत शिकतो. त्याआधी १८२०-२१ आणि १८३१ साली झालेल्या उठावांचा मात्र ‘ते चिरडले गेले’ एवढाच ओझरता उल्लेख आढळतो. ऑस्ट्रियाचे सैन्य बलाढ्य होते, एवढेच त्याचे कारण होते का?

उत्तर : ऑस्ट्रियाचे सैन्य हे कारण खरे आहे, पण अर्धेच आहे. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने लोम्बार्डी आणि व्हेनेशिया हे प्रांत थेट ऑस्ट्रियाला दिले आणि टस्कनी, मोडेना व पार्मा येथील गाद्यांवर हॅब्सबर्ग घराण्याशी रक्ताचे नाते असलेली माणसे बसवली. त्यामुळे द्वीपकल्पात कोठेही ठिणगी पडली तरी ती विझवणारी फौज फार दूर नसे. मात्र या फौजेला सगळ्या उठावांशी एकाच वेळी लढावे लागले असे कधी घडले नाही, आणि ही सोय तिला बव्हंशी खुद्द क्रांतिकारकांनीच करून दिली, असे माझे मत आहे.

जुलै १८२० मध्ये नेपल्सच्या सैन्यात बंड झाले. त्यामागे कार्बोनारी ही गुप्त संघटना होती. राजा पहिला फर्डिनंड याने स्पेनची १८१२ ची राज्यघटना स्वीकारली आणि धर्मग्रंथाला साक्ष ठेवून तिची शपथही घेतली. पुढे या घटनेची बाजू मांडतो असे सांगून, नव्या संसदेच्या संमतीनेच तो लायबाख (आजचे ल्युब्लियाना) येथे भरलेल्या युरोपीय सत्तांच्या परिषदेला गेला आणि तेथे त्याने ऑस्ट्रियाची मदत मागितली. त्याला जाऊ देणारी संसद भोळी होती असे आज म्हणणे सोपे आहे. पण राजाला हटवायचे नाही, फक्त घटनेने बांधायचे, हे एकदा ठरल्यावर त्याच्या शब्दावर विसंबण्यावाचून तिच्यापुढे फारसा मार्ग उरला नव्हता. याच काळात पालेर्मोच्या लोकांनी सिसिलीसाठी स्वतंत्र संसद मागितली, तेव्हा स्वातंत्र्याच्या नावाने सत्तेवर आलेल्या नेपल्सच्या सरकारने त्यांच्यावरच सैन्य धाडले.

७ मार्च १८२१ रोजी रिएती येथे नेपल्सचे जनरल पेपे यांच्या सैन्याचा ऑस्ट्रियाने पराभव केला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १० मार्चला, उत्तरेकडे पीडमाँट या राज्यातील अलेस्सांद्रियाच्या किल्ल्यात बंडाचा झेंडा उभारला गेला. दक्षिणेचा उठाव मोडल्यावर उत्तरेने उठावे, याहून वाईट वेळ शोधूनही सापडली नसती. तेथेही भिस्त एका राजपुत्रावर होती. जुन्या राजाने गादी सोडल्यावर राजप्रतिनिधी झालेल्या चार्ल्स अल्बर्ट याने घटना जाहीर केली, मोडेनात असलेल्या नव्या राजाने ती फेटाळली आणि चार्ल्स अल्बर्ट बंडवाल्यांना सोडून गुपचूप निघून गेला. ८ एप्रिलला नोव्हारा येथे सारे संपले.

परंतु या सगळ्या काळातील सर्वांत बोलका प्रसंग १८३१ चा आहे. मोडेनाच्या ड्यूकशी संधान बांधून उठावाची तयारी करणाऱ्या चिरो मेनोत्ती यांना ऐन वेळी त्याच ड्यूकने पकडले आणि पुढे फाशी दिले. तरीही फेब्रुवारीत मोडेना, पार्मा आणि पोपच्या अमलाखालील बोलोन्या येथे क्रांतिकारी सरकारे उभी राहिली. बोलोन्याच्या सरकारने स्वतःला ‘संयुक्त इटालियन प्रांत’ असे भारदस्त नाव घेतले. १८३० च्या क्रांतीनंतर आलेल्या फ्रान्सच्या नव्या राजवटीने कोणी दुसऱ्याच्या राज्यात हस्तक्षेप करू नये असे तत्त्व मांडले होते, आणि आपण ते काटेकोर पाळले तर फ्रान्स ऑस्ट्रियालाही ते पाळायला लावील, अशी बोलोन्याच्या पुढाऱ्यांची समजूत होती. म्हणून ऑस्ट्रियन सैन्यापुढे माघार घेत मोडेनाचे जनरल झुक्की यांचे सैनिक सीमेवर आले, तेव्हा बोलोन्याने त्यांना परदेशी ठरवून त्यांची शस्त्रे काढून घेतली! बोलोन्यापासून मोडेना पायी एका दिवसाच्या वाटेवर आहे. फ्रान्स अर्थातच आला नाही. ऑस्ट्रिया आला, आणि घाईघाईने त्याच झुक्कींच्या हाती सैन्याची सूत्रे द्यावी लागली. मार्च संपण्याआधी उठाव संपला होता.

हे पुढारी मुख्यतः वकील, लष्करी अधिकारी, जमीनदार आणि प्राध्यापक होते. त्यांना हवी होती ती आपापल्या राज्यात घटना आणि कारभारात वाटा. ‘इटली’ हा शब्द त्यांच्या जाहीरनाम्यांत होता, पण आखणीत नव्हता. कार्बोनारींच्या गुप्ततेने यात भरच घातली. शपथा, विधी आणि सदस्यांच्या चढत्या पायऱ्या असलेल्या या संघटनेत खालच्या सदस्याला अंतिम हेतू कळत नसे. त्यामुळे घटनात्मक राजा की प्रजासत्ताक, हा वाद आतल्या आत दबून राहिला. स्वतः कार्बोनारी म्हणून तुरुंगवास भोगलेल्या मॅझिनींनी १८३१ मध्ये मार्सेय येथे ‘तरुण इटली’ स्थापन करताना एकसंध प्रजासत्ताकाचे ध्येय उघडपणे मांडले, ते हा दोष ओळखूनच.

शेतकऱ्यांना मात्र मॅझिनींनाही जिंकता आले नाही. लोकसंख्येत बहुसंख्य असलेल्या या वर्गाला जमीन, कर आणि धान्याच्या किमती यांची चिंता होती, आणि घटनेतील कलमांत त्याबद्दल काहीच नव्हते. १८५७ मध्ये कार्लो पिसाकाने हे समाजवादी क्रांतिकारक पोन्झा बेटावरील कैद्यांना मुक्त करून साप्री येथे उतरले, तेव्हा ज्यांच्यासाठी ते आले होते त्या शेतकऱ्यांनीच त्यांना दरोडेखोर समजून सान्झा गावाजवळ घेरले, आणि पिसाकाने तेथेच मरण पावले.