शिकागोजवळच्या प्रेअरीत, म्हणजे नैसर्गिक गवताळ माळरानात, नियंत्रित आग लावायची, तर नियोजन कसं करतात?

तारखेआधी वारा ठरवा. शहरालगत ज्वाळांपेक्षा धूर जास्त नडतो. महामार्ग, शाळा, रुग्णालय टाळून धूर नेणारी वाऱ्याची दिशा आराखड्यात लिहायची आणि तो वारा मिळेपर्यंत थांबायचं. साधारण मर्यादा: वारा ताशी ८ ते २४ किलोमीटर, सापेक्ष आर्द्रता २५ ते ६० टक्के. वारा अगदीच थांबलेला असेल तर मुळीच नको; दिशेचा भरवसा राहत नाही. संध्याकाळी धूर जमिनीलगत साचतो, म्हणून काम दुपारीच उरकायचं. त्यातही वसंतात दुपारी मिशिगन सरोवरावरून वारा सुटून दिशा फिरू शकते, हे विसरू नका.

इलिनॉयच्या पर्यावरण खात्याचा परवाना लागतो. अग्निशमन दलाला आणि शेजाऱ्यांना आधी कळवा.

कडेने किमान ३ मीटरचा पट्टा कापा आणि कापलेलं गवत उचला. तिथेच पडू दिलं तर पट्ट्याचा उपयोग शून्य. वारा ज्या कडेकडे वाहतो तिथून सुरुवात करा: वाऱ्याविरुद्ध सरपटणारी आग सावकाश जळते. जळून झालेला काळा पट्टा पुरेसा रुंद झाल्यावर बाजू पेटवा, वाऱ्यासोबत धावणारी आग शेवटी. ड्रिप टॉर्चमध्ये (पेटतं इंधन थेंबाथेंबाने टाकत आग लावायचा हातातला डबा) साधारण ३ भाग डिझेल, १ भाग पेट्रोल.

सगळी जमीन एकाच वर्षी जाळू नका. वाळक्या काड्यांत कीटकांची अंडी, कोष असतात. निम्मी तरी राखा. शेवटी जुने ओंडके, बुंधे पाण्याने विझवा. गवत मिनिटांत संपतं, ओंडका मात्र रात्रभर धुमसतो.